हात आपला हलतो की समोरचा?
टेलिफोटो लेन्स घेण्याआधी

घरात कॅमेरा घ्यायचे ठरले की पूर्वी दोनच प्रश्न असत. कोणत्या कंपनीचा घ्यायचा आणि किती मेगापिक्सेलचा? आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. स्टॅबिलायझेशन बॉडीत असलेला कॅमेरा घ्यावा की लेन्समध्ये असले तरी पुरे? दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरे सांगतो, आणि मुलगा मोबाईलवर तिसरेच पाहून आलेला असतो. मधल्या मध्ये वडिलांनी वर्षभर बाजूला काढलेली रक्कम कुठे घालावी हे कुणालाच ठरवता येत नाही.

प्रश्न तांत्रिक वाटतो, पण आहे पैशाचा. कॅननचे आर ७ आणि आर १० हे दोन मिररलेस कॅमेरे २०२२ साली एकाच वेळी जाहीर झाले. आर ७ च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, आर १० च्या बॉडीत नाही. दोघांत इतरही फरक आहेत, आणि आर ७ ची किंमत बरीच जास्त आहे. ती जादा रक्कम बॉडीत घातली तर चांगली लेन्स हातची जाते. उलट केले तर बॉडीतली सोय जाते. दोन्ही घेण्याची ऐपत असेल त्यांना या लेखाची फारशी गरज नाही. आम्ही लिहितो आहोत ते हिशेबाने खर्च करणाऱ्या घरांसाठी.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. दूरचे फोटो काढायचे असतील तर पहिला पैसा लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनला द्या, बॉडीतले नंतर पाहा. आणि समोरची वस्तू पळणारी, उडणारी असेल तर या दोन्हींवर फार विसंबू नका. हे असे का, ते आता पाहू.

फोटो हलतो म्हणजे काय होते?

फोटो दोन कारणांनी पुसट येतो. एक तर शटर उघडे असताना आपला हात हलतो. किंवा आपला हात स्थिर असतो, पण समोरचे माणूस, पक्षी, चेंडू हलतो. स्टॅबिलायझेशन फक्त पहिल्या दुखण्यावरचे औषध आहे. दुसऱ्यावर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी निम्मा घोळ मिटतो.

हाताच्या हलण्यासाठी छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. लेन्स जितक्या मिलीमीटरची, निदान तितक्या भागाचा शटर स्पीड ठेवावा. ५० मिलीमीटरला १/५० सेकंद, ४०० मिलीमीटरला १/४०० सेकंद. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याला आणखी गुणावे लागते. कॅननच्या एपीएस-सी बॉडीला १.६ ने, निकॉन, सोनी आणि फुजीफिल्मच्या तशा बॉडीला १.५ ने. म्हणजे आर १० वर ४०० मिलीमीटरची लेन्स लावली तर साधारण १/६४० सेकंद हवा.

स्टॅबिलायझेशनचे माप 'स्टॉप'मध्ये सांगतात. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवण्याची मुभा. १/६४० चे एका स्टॉपने १/३२० होते, दोनने १/१६०, तीनने १/८०. याचा फायदा आयएसओमध्ये दिसतो. जिथे १/६४० साठी आयएसओ ३२०० लागत होता, तिथे १/१६० ला ८०० पुरतो, आणि फोटोतले दाणे बरेच कमी होतात.

लेन्समधले आणि बॉडीतले

लेन्समधल्या स्टॅबिलायझेशनमध्ये काचांचा एक गट हाताच्या उलट दिशेने सरकतो. कॅनन त्याला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, फुजीफिल्म ओआयएस, सिग्मा ओएस आणि टॅमरॉन व्हीसी. नावे निरनिराळी, काम एकच. कॅमेऱ्याला लावता-काढता येणारी अशी पहिली लेन्स कॅननने १९९५ साली आणली. ती ७५-३०० मिलीमीटरची होती. पहिली गरज दूरच्या लेन्सलाच भासली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

बॉडीतल्या पद्धतीत काच हलत नाही, सेन्सरच सरकतो. लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यात ही सोय कोनिका मिनोल्टाच्या ७ डी मध्ये २००४ साली आली. २०१२ साली ऑलिम्पसच्या ई-एम ५ या मिररलेस कॅमेऱ्यात सेन्सर पाच प्रकारची हालचाल सावरू लागला. पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यात ते सोनीने ए ७ मार्क २ मधून २०१४ साली आणले. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे कोणतीही लेन्स लावा, अगदी जुनी किंवा साधी, तिला थोडाफार आधार मिळतोच. शिवाय कॅमेरा डावी-उजवीकडे कलंडतो, म्हणजे क्षितिज तिरके होते, ती हालचाल सेन्सरच गोल फिरून सावरू शकतो. लेन्समधल्या काचेला ते जमत नाही.

मग दूरच्या फोटोत बॉडी मागे का पडते? साधे गणित आहे. हात अर्ध्या अंशाने कलला तर ५० मिलीमीटरच्या लेन्समध्ये सेन्सरवरचे चित्र सुमारे ०.४ मिलीमीटर सरकते. तोच हात, तेवढाच कलला, पण लेन्स ५०० मिलीमीटरची असली तर चित्र सुमारे ४.४ मिलीमीटर सरकते. सेन्सरला त्याच्या चौकटीत सरकायला जागा मोजकीच असते. लेन्समधल्या काचेला मात्र त्या लेन्सच्या गरजेप्रमाणेच घडवलेले असते. म्हणून लेन्स जितकी लांब, तितका भार काचेवर आणि तितका बॉडीचा वाटा कमी.

कंपन्यांचे आकडे काय सांगतात?

हे आम्ही तर्कानेच सांगत नाही. कंपनीचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की तेच दिसते. कॅननच्या आर ५ कॅमेऱ्याची जाहिरात २०२० साली 'आठ स्टॉप' म्हणून झाली. तो आकडा २४-१०५ मिलीमीटरसारख्या लेन्सवरचा. त्याच आर ५ वर १००-५०० मिलीमीटरची लेन्स लावली की आकडा ६ वर येतो. आणि त्यातले ५ स्टॉप त्या लेन्सचे स्वतःचे आहेत. बॉडीने भर घातली ती एका स्टॉपची.

आता हलकी आणि त्यामानाने स्वस्त अशी १००-४०० मिलीमीटरची कॅनन लेन्स घ्या. तिचे स्वतःचे ५.५ स्टॉप, आर ५ सारख्या बॉडीसह ६. भर अर्ध्या स्टॉपची. याउलट ५५-२१० मिलीमीटरच्या छोट्या लेन्सचे स्वतःचे ४.५ स्टॉप आहेत आणि स्टॅबिलायझेशन असलेल्या बॉडीवर ते ७ पर्यंत जातात. लांबी कमी तिथे बॉडीचा हात मोठा, लांबी वाढली की तो आखडतो.

लहान सेन्सरच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ मार्क २ या २०२४ सालच्या कॅमेऱ्यात बॉडीचेच ८.५ स्टॉप सांगितले आहेत. सेन्सर छोटा आणि हलका, म्हणून तो चपळाईने सरकतो. शिवाय तिथे ३०० मिलीमीटरची लेन्स ६०० सारखे चित्र देते. मात्र सेन्सर लहान असल्याने अंधारात फोटोत दाणे लवकर दिसू लागतात. एकीकडे मिळते, दुसरीकडे द्यावे लागते.

या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. ते कॅमेरा हलवणाऱ्या यंत्रावर, ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात. धाप लागलेल्या माणसाच्या हातात, होडीत किंवा वाऱ्यात तेवढे मिळतील असे धरू नये. आम्ही हिशेब करताना दोन-तीन स्टॉप सरळ वजा करतो. पाच स्टॉपची लेन्स हाती असेल तर दोन-तीन स्टॉपचा भरवसा धरावा. वर मिळाले तर नफा.

इथे फसगत होते

सगळ्यात वाईट सौदा कोणता? बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि लेन्समध्येही नाही, असा जोड. तो सहज पदरात पडतो, कारण स्वस्त असतो आणि '३०० मिलीमीटर' हा आकडा डोळ्यांत भरतो.

कॅननने २०२५ साली आणलेल्या आरएफ ७५-३०० लेन्समध्ये आयएस नाही. ती आर ५० किंवा आर १० वर लावली तर फोटो काढताना आधार कुठूनच नाही. टॅमरॉनची मिररलेससाठीची ७०-३०० लेन्स वजनाला हलकी आणि काचेला चांगली, पण तिच्यात व्हीसी नाही. सोनीच्या ए ६७०० वर ती शोभेल, कारण त्या बॉडीत सोय आहे. सोनी ए ६४०० किंवा निकॉन झेड ५० वर मात्र सगळा भार आपल्या मनगटावर. टॅमरॉनच्याच ७०-१८० एफ २.८ या लेन्सच्या पहिल्या आवृत्तीत व्हीसी नाही, २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. जुन्या बाजारात घेताना कोणती आवृत्ती आहे ते विचारून घ्या.

उपाय सोपा आहे. लेन्सचे पूर्ण नाव वाचा. त्यात आयएस, व्हीआर, ओएसएस, ओआयएस, ओएस, व्हीसी यांपैकी काही आहे का ते पाहा. सगळ्याच लेन्सच्या नावात ही अक्षरे येतात असे नाही, म्हणून तिची माहितीपत्रिकाही पाहा. घरात जुना डीएसएलआर असेल तर त्याच्या लेन्स लगेच विकू नका. कॅननची जुनी ५५-२५० आयएस लेन्स कंपनीच्या अ‍ॅडॅप्टरने नव्या आर मालिकेवर बसते आणि तिचे आयएस तिथेही चालते. फिजूलखर्ची टाळण्याचा हा सरळ मार्ग आहे.

कुठे उपयोग होतो, कुठे नाही

ठाण्याच्या खाडीतले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला हिवाळ्यानंतर कितीतरी कुटुंबे जातात. २०१५ साली अभयारण्य जाहीर झालेल्या या खाडीत, किंवा उजनीच्या पाण्यावर भिगवणला, फोटो होडीतून काढावे लागतात. होडीत ट्रायपॉड कुचकामी. होडीबरोबर तोही डोलतो. इथे लेन्समधले स्टॅबिलायझेशन खरे कामाला येते. चिखलात चोच घालून उभ्या पक्ष्याचा फोटो १/२५० सेकंदाला हातात धरून स्वच्छ येऊ शकतो. पण तोच थवा उडाला की १/२००० च्या आसपास जावे लागते. तिथे पंख थांबवतो तो शटर, स्टॅबिलायझेशन नव्हे. त्याचा उपयोग एवढाच की व्ह्यूफाइंडरमधले चित्र थरथरत नाही आणि पक्षी चौकटीत धरणे सोपे जाते.

ईदच्या चाँदचा फोटो घ्यावासा अनेकांना वाटतो. ती कोवळी कोर मावळतीला, संधिप्रकाशात, क्षितिजाजवळ असते. प्रकाश कमी, पण विषय जागचा फारसा हलत नाही. शटर थोडा संथ ठेवला तरी चालतो. स्टॅबिलायझेशनचा पुरेपूर लाभ मिळावा असाच हा विषय आहे. त्या वेळी बॉडीत सोय आहे की लेन्समध्ये, याने फार बिघडत नाही. दोन्हींत नसेल तर मात्र गच्चीच्या कठड्याचा आधार शोधावा लागतो. पौर्णिमेचा चंद्र वेगळा. तो उन्हात न्हालेला असतो, म्हणून १/२५० किंवा त्याहून जलद शटरही चालतो आणि स्टॅबिलायझेशन कमी असले तरी भागते.

मैदानावरचे क्रिकेट, कबड्डी, शाळेतल्या शर्यती यांना १/५०० ते १/१००० सेकंद लागतात. इथे स्टॅबिलायझेशनसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा जलद फोकस आणि मोठ्या छिद्राची लेन्स बघावी. एफ ५.६ च्या जागी एफ २.८ असेल तर चौपट प्रकाश आत येतो आणि शटर चौपट जलद करता येतो.

आता निकाह आणि वलीमा. आमच्या घरांतले बरेच तरुण हा व्यवसाय करतात, म्हणून थोडे सविस्तर. मशिदीत किंवा हॉलमध्ये प्रकाश मंद असतो आणि निकाह चालू असताना फ्लॅशचा लखलखाट बरा दिसत नाही. अशा वेळी 'बॉडीत आठ स्टॉप' ऐकून मोह होतो. पण सही करणारा हात, मान वळवणारे वडील, धावणारी लहान मुले यांना १/१२५ किंवा त्याहून जलद शटर हवाच. १/१५ ला मागची भिंत स्वच्छ येईल आणि नवऱ्या मुलाचा चेहरा पुसट. एफ ६.३ च्या झूमऐवजी एफ १.८ ची साधी लेन्स लावली तर बारापट प्रकाश मिळतो. हा प्रकाश आपल्या हाताचे हलणे आणि समोरच्याचे हलणे, दोन्ही एकदम आवरतो. स्टॅबिलायझेशन एकच आवरते. मात्र जे तरुण चालत-फिरत व्हिडिओ घेतात, त्यांनी बॉडीत सोय असलेला कॅमेराच पाहावा. अशा लेन्समध्ये सहसा स्टॅबिलायझेशन नसते आणि तिथे बॉडी पैसे वसूल करते.

मग कोणी काय घ्यावे?

सहली, पक्षी, गच्चीवरून चाँद, एवढाच शौक असेल तर बॉडी साधी घ्या आणि स्टॅबिलायझेशन असलेली टेलिफोटो लेन्स घ्या. कॅननच्या साध्या बॉडीबरोबर ५५-२१० किंवा १००-४००, निकॉन झेड ५० सारख्या बॉडीबरोबर ५०-२५० व्हीआर, सोनी ए ६४०० बरोबर ७०-३५० ओएसएस हे जोड सुज्ञ आहेत.

पक्ष्यांचा नाद पक्का झाला असेल तर निकॉनची १८०-६००, सोनीची २००-६०० या लेन्स आहेत. दोन्हींत स्टॅबिलायझेशन आहे. पण वजनही पाहा. निकॉनची सुमारे २ किलो, सोनीची २ किलोच्या थोडी वर. कॅननची १००-४०० मात्र ६३५ ग्रॅम. अर्ध्या तासाने दोन किलोखाली हात थरथरू लागला की कागदावरचे स्टॉप कागदावरच राहतात. घरातल्या मुलीने किंवा आईने कॅमेरा वापरायचा असेल तर लेन्स त्यांच्याच हातात देऊन पाहा.

लग्नाचे काम, व्हिडिओ आणि जुन्या साध्या लेन्स असा मामला असेल तर बॉडीतल्या सोयीला पैसे घाला. हे उत्पन्नाचे साधन आहे, त्यामुळे तो खर्च परत येऊ शकतो. तरीही व्याजाच्या हप्त्यावर नवी कोरी बॉडी उचलण्यापेक्षा एक-दोन लग्नांसाठी ती भाड्याने घ्या, काम पाहा, मग ठरवा. मोठ्या शहरांत कॅमेरे आणि लेन्स भाड्याने मिळतात.

दुकानात ही चाचणी करा

आपले मेमरी कार्ड घेऊन जा. लेन्स सर्वांत लांब टोकाला न्या, शटर १/६० ला ठेवा आणि दुकानातल्याच एखाद्या बारीक अक्षरांच्या पाटीवर दहा फोटो स्टॅबिलायझेशन चालू ठेवून आणि दहा बंद करून काढा. मग ते पूर्ण मोठे करून पाहा आणि दहातले किती वाचता येतात ते मोजा. तुमच्या हातासाठी जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा. दोन बॉडींची तुलना करायची असेल तर लेन्स तीच ठेवून बॉडी बदला. दुकानदार का-कू करत असेल तर दुसरे दुकान बघा.

आणि हे फुकट मिळते

कॅमेरा पडद्याकडे पाहत हात लांब करून धरू नका. व्ह्यूफाइंडरला डोळा लावा, कोपरे छातीशी घ्या, डावा तळहात लेन्सखाली ठेवा. बटण अर्धे दाबून क्षणभर थांबा, म्हणजे स्टॅबिलायझेशन स्थिरावते. मग श्वास सोडता सोडता दाबा. एकाच्या जागी चार-पाच फोटो सलग काढा, त्यातला मधला एखादा हमखास स्वच्छ निघतो. गाडीच्या खिडकीवर किंवा कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. त्या पिशवीसमोर महागड्या बॉडीही फिक्या पडतात. पळत्या सायकलीमागे कॅमेरा आडवा फिरवायचा असेल तर लेन्सवर मोड २ असल्यास तो लावा, म्हणजे आपण मुद्दाम फिरवलेला हात ती अडवत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवला असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करायचे की नाही, ते लेन्सच्या पुस्तिकेत पाहा. काही लेन्सना ते आपोआप कळते, काहींना नाही.

दुकानाची पायरी चढण्याआधी घरी बसून एकच प्रश्न स्वतःला विचारा. आम्ही ज्याचे फोटो काढणार, तो थांबणार आहे की पळणार आहे? थांबणारा असेल तर स्टॅबिलायझेशनला पैसे द्या, दूरचा असेल तर ते लेन्समध्ये असू द्या. पळणारा असेल तर प्रकाशाला पैसे द्या. एवढे ठरवून गेलात, तर दुकानदाराला तुमच्या गरजेचीच वस्तू दाखवावी लागेल.